जवाचे मरण, वसंताची बिअर

युरोपातील बिअरच्या इतिहासात वसंत हा दीर्घकाळ धास्तीचा ऋतू होता, कारण हवा उबदार होऊ लागली की हिवाळाभर संथपणे आंबलेली बिअर आंबट पडण्याचा आणि पिंपेच्या पिंपे ओतून देण्याची वेळ येण्याचा संभव वाढत असे. आज क्राफ्ट बिअर बनवणारे, म्हणजे लहान प्रमाणावर, स्वतंत्रपणे आणि चवीच्या वैविध्यावर भर देऊन बिअर तयार करणारे उत्पादक वसंतातील एखाद्या बिअरला भयकथेचा रंग देतात, तेव्हा ती जाहिरातीची युक्ती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि भय आणि वसंतातील बिअर यांचे नाते चित्रपटाच्या शोधापेक्षा कित्येक शतकांनी जुने आहे, आणि ते धान्याच्या दाण्यापासूनच सुरू होते.

मोड आणि भट्टी

बिअरचा पाया माल्ट हा आहे, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव. नाचणीचे सत्त्व करताना मराठी घरांत नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर वाळवून आणि मंद भाजून दळली जाते. माल्टची कृती तत्त्वतः तीच आहे. साठवणीतील जवात पाण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के असते, ते भिजवून ४२ ते ४५ टक्क्यांपर्यंत नेले जाते आणि मग चार ते सहा दिवस दाणे पसरून ठेवले जातात. वसंत आला असे समजून दाणा जागा होतो, आतल्या अंकुरासाठी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, तयार करतो आणि स्वतःच्या पोटातील स्टार्चचा साठा खुला करू लागतो.

नेमक्या याच क्षणी त्याला भट्टीत घातले जाते. फिकट रंगाच्या माल्टसाठी अखेरचे तापमान साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअस ठेवतात; अंकुर मरतो, परंतु विकरे पुरेशा प्रमाणात शाबूत राहतात, आणि पुढे दळलेला माल्ट ६३ ते ७२ अंशांच्या पाण्यात मुरवला की तीच विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. ही साखर यीस्ट खाते आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. जवाला जगण्याची आशा लावायची, त्याने जगण्यासाठी केलेली तयारी हस्तगत करायची आणि मग त्याला आगीच्या स्वाधीन करायचे, असा हा व्यवहार आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकगीतांत जवाला 'जॉन बार्लीकॉर्न' नावाचा माणूस कल्पून त्याच्या छळाची, मृत्यूची आणि प्याल्यातून होणाऱ्या पुनरागमनाची कथा शतकानुशतके गायिली गेली, ती या व्यवहाराच्या अचूक निरीक्षणातूनच.

बंदीचा उन्हाळा आणि बोकडाची बिअर

बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५३ मध्ये फर्मान काढून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई केली. त्या काळी यीस्ट हा सजीव आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते, जिवाणूंची कल्पना नव्हती. उन्हाळ्यात बनवलेली बिअर बिघडते एवढा अनुभव मात्र सर्वांना होता. त्यामुळे मार्च महिन्यात शेवटची, अधिक माल्ट आणि अधिक हॉप घातलेली बिअर करून ती थंड तळघरांत व गुहांत ठेवली जाई. हॉप ही एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले. त्यांची कडू द्रव्ये अनेक जिवाणूंची वाढ रोखतात, म्हणून ती चवीइतकीच टिकाऊपणासाठीही घातली जात. मार्चच्या जर्मन नावावरून या बिअरला 'मेर्त्सेन' म्हटले जाऊ लागले. वसंताच्या तोंडावर बनणारी ही बिअर म्हणजे येणाऱ्या उन्हाळ्याच्या भीतीला दिलेले उत्तर होते.

याच ऋतूशी जोडलेली दुसरी बिअर 'बोक' ही होय. तिचे मूळ गाव आइनबेक, उत्तर जर्मनीतील. तेथील कडक बिअर इतकी नावाजलेली होती की ती दूरवर निर्यात होई, आणि म्युनिकच्या राजदरबाराने १६१४ मध्ये एलिआस पिख्लर या तेथील बिअर-उस्तादालाच आपल्या पदरी आणले. दक्षिणेच्या बोलीत 'आइनबेक'चा उच्चार बदलत 'आइन बोक' असा झाला, आणि जर्मन भाषेत त्याचा अर्थ होतो 'एक बोकड'. मराठी वाचकाला हे ध्वनिसाम्य विशेष सहज जाणवेल. त्या अपभ्रंशामुळे पुढे बोक बिअरच्या लेबलांवर बोकडाचे चित्र रूढ झाले. वसंत, प्रजनन आणि सैतान या तिन्ही कल्पनांशी युरोपीय लोकमानसाने जोडलेला हा प्राणी वसंताच्या बिअरचे चिन्ह झाला, तो असा एका उच्चाराच्या वाटेने.

बोकच्या दोन उपप्रकारांनी वसंताचे दोन टप्पे वाटून घेतले आहेत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात घन अन्न वर्ज्य असताना म्युनिकमधील पाउलानर पंथाचे संन्यासी दाट, पोषक बिअरवर राहत. तिच्यातून 'डोपेलबोक', म्हणजे दुप्पट बोक, हा प्रकार विकसित झाला आणि त्याचे आद्य नाव 'साल्व्हाटोर', म्हणजे तारणहार, असे पडले. उपवास संपून मे महिना आला की 'मायबोक' ही सोनेरी रंगाची, तरीही ६.३ ते ७.४ टक्के अल्कोहोल असलेली बिअर पिंपांतून काढली जाते. मेच्या आदल्या रात्रीला, म्हणजे ३० एप्रिलला, जर्मन प्रदेशांत 'वाल्पुर्गिसनाख्त' म्हणतात. या रात्री चेटकिणी डोंगरमाथ्यावर जमतात अशी जुनी समजूत आहे आणि त्यांना पिटाळण्यासाठी शेकोट्या पेटवल्या जातात. रात्री भय आणि सकाळी उत्सव, हा क्रम मे महिन्याच्या स्वागतात असा मुळापासून गुंफलेला आहे.

समरआइलचे सफरचंद

हा क्रम उलटा करून, म्हणजे उत्सवाच्या पोटातून भय बाहेर काढून, दाखवणारा चित्रपट म्हणजे रॉबिन हार्डी यांनी दिग्दर्शित केलेला आणि अँथनी शॅफर यांनी लिहिलेला 'द विकर मॅन'. १९७३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये तो निकोलस रोग यांच्या 'डोन्ट लुक नाऊ'च्या जोडीला दुय्यम चित्रपट म्हणून, बरीच काटछाट होऊन प्रदर्शित झाला. प्रदर्शनाच्या वेळी दुर्लक्षित राहिलेल्या, परंतु पुढे निष्ठावान प्रेक्षकांनी जिवंत ठेवलेल्या कलाकृतीला 'कल्ट' चित्रपट म्हणतात, आणि या व्याख्येचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. जमीन, पीक आणि जुन्या श्रद्धा यांच्यातून भय निर्माण करणाऱ्या 'फोक हॉरर', म्हणजे लोकभयपट, या प्रकाराचा तो आधारस्तंभ मानला जातो.

कथा स्कॉटलंडजवळच्या समरआइल या काल्पनिक बेटावर घडते. हरवलेल्या मुलीच्या शोधात आलेला सार्जंट हाउवी हा कर्मठ ख्रिस्ती पोलीस अधिकारी बेटावरच्या 'ग्रीन मॅन' नावाच्या पबमध्ये उतरतो आणि तेथेच त्याला पहिल्या खुणा मिळतात: दर वर्षीच्या सुगीची छायाचित्रे भिंतीवर लावलेली आहेत, पण गेल्या वर्षीचे नाही; सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर पानात पडते ते डबाबंद अन्न. पीक बुडालेले आहे, हे रहस्य चित्रपट शब्दांत सांगण्याआधी जेवणातून सांगतो. क्रिस्टोफर ली यांनी साकारलेला बेटाचा अधिपती लॉर्ड समरआइल याच्या तोंडून पुढे कळते की, १८६८ मध्ये त्याच्या आजोबांनी हे बेट विकत घेतले. ते कृषिविज्ञानाचे अभ्यासक होते, ज्वालामुखीय माती आणि उबदार सागरी प्रवाह यांचा उपयोग करून त्यांनी फळांच्या नव्या जाती रुजवल्या, आणि बेटवासीयांनी उत्साहाने राबावे म्हणून त्यांचे जुने देव त्यांना परत दिले. नातवाच्या काळात फळधारणा थांबते तेव्हा बेट विज्ञानाकडे वळत नाही, ते बळीकडे वळते. एक मे रोजी वेताच्या प्रचंड मानवाकृतीत हाउवीला कोंडून ती पेटवली जाते. मरणापूर्वी तो लॉर्ड समरआइलला बजावतो की या भूमीत ही फळे मुळात टिकणारीच नाहीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा पीक बुडाले की लोक तुझाच बळी मागतील. चित्रपटातील सर्वांत भीषण वाक्य कृषिशास्त्राचे आहे, आणि म्हणूनच त्याचे भय टिकून राहते.

या वासंतिक चित्रपटाचे चित्रीकरण १९७२ च्या शरदात, थंडीत झाले. झाडांना कृत्रिम फुले चिकटवावी लागली आणि तोंडातून निघणारी वाफ दिसू नये म्हणून कलाकारांनी बर्फाचे तुकडे चोखले. चित्रीकरणाचा मोठा भाग नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील गॅलोवे या प्रदेशात झाला आणि अखेरचे दहन तेथील बरो हेड या समुद्रकड्यावर चित्रित केले गेले. बिअरच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही जागा महत्त्वाची आहे, कारण बिअरविषयीची सर्वांत प्रसिद्ध भयकथाही गॅलोवेचीच आहे.

गॅलोवेची हेदर एल

हेदर हे स्कॉटलंडच्या माळरानांवर पसरणारे जांभळ्या फुलांचे खुरटे झुडूप आहे. हॉपचा वापर सर्वत्र रूढ होण्यापूर्वी युरोपात बिअरला कडवटपणा आणि सुगंध देण्यासाठी निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जात, आणि हेदर ही त्यांपैकी एक. दंतकथा अशी की, हेदरपासून मधाहून गोड पेय बनवण्याची कृती फक्त पिक्ट या प्राचीन जमातीला अवगत होती. स्कॉटांच्या राजाने त्या जमातीचा संहार केला आणि अखेर एक वृद्ध बाप आणि त्याचा मुलगा एवढेच उरले. मुलासमोर गुपित फोडण्याची लाज वाटते, तेव्हा आधी त्याला संपवा, असे बापाने सांगितले. मुलाला कड्यावरून समुद्रात फेकल्यानंतर तो म्हणाला की मुलगा यातनांपुढे टिकला नसता, मी टिकेन, आणि गुपित त्याच्याबरोबर नाहीसे झाले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेदर एल' या कथाकाव्यात ही कथा अमर केली, आणि त्याचे उपशीर्षकच ती गॅलोवेची दंतकथा असल्याचे सांगते. लोकपरंपरा हा प्रसंग मल ऑफ गॅलोवे या टोकावर घडल्याचे मानते, आणि ते टोक व बरो हेड यांच्यामध्ये केवळ एका उपसागराचे पाणी आहे.

ऐतिहासिकदृष्ट्या हेदरची कृती कधी पूर्णपणे नष्ट झालीच नव्हती. 'फ्राओख' या गेलिक नावाने ती बिअर विसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये पुन्हा व्यावसायिक प्रमाणावर बनू लागली. तरीही दंतकथेचे मोल कमी होत नाही, कारण कृती ही माणसाच्या जिवाहून मोठी ठेव असू शकते, ही जाणीव तिने जपली आहे. वसंताची बिअर जर 'द विकर मॅन'पासून प्रेरणा घेऊन बनवायची असेल, तर तिचे साहित्य असे त्या भूमीतच तयार आहे.

फिलाडेल्फियाचा 'वॉकर'

अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवणे केंद्रीय पातळीवर वैध झाले, आणि या हौशी लोकांतूनच पुढे क्राफ्ट बिअरची चळवळ फोफावली. तिचीच लाट भारतात पोहोचली तेव्हा २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि ती देशातील पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक मानली जाते. लहान उत्पादकाला एका वेळी थोडीच बिअर करायची असल्याने धाडस परवडते. अशा धाडसाचे ठळक उदाहरण म्हणजे फिलाडेल्फियातील 'डॉक स्ट्रीट' या १९८५ पासूनच्या ब्रुअरीने २०१४ च्या वसंतात, ३० मार्चला, बाजारात आणलेली 'वॉकर' ही बिअर. 'द वॉकिंग डेड' या चालत्या मृतांच्या मालिकेच्या त्या हंगामाचा शेवटचा भाग त्याच दिवशी प्रसारित झाला. बिअरमध्ये क्रॅनबेरी, ओट, गहू आणि, मालिकेला साजेसा, धुरावलेला बोकडाचा मेंदू होता. अल्कोहोलचे प्रमाण ७.२ टक्के होते.

या बिअरची वंशावळ मालिकेपाशी संपत नाही. चालत्या मृतांचा आधुनिक भयपट ज्यातून जन्मला तो जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया याच राज्यात, पिट्सबर्गच्या परिसरात, अत्यल्प खर्चात बनला. त्यात 'झोंबी' हा शब्द उच्चारला जात नाही, आणि त्यातील मृत माणसांचे मांस खातात, विशेषकरून मेंदू मागत नाहीत. मेंदूची ती सुप्रसिद्ध भूक १९८५ च्या, डॅन ओबॅनन दिग्दर्शित 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' या कल्ट भयपटाने रूढ केली. म्हणजे वॉकरच्या पातेल्यात पडलेली सर्वांत धक्कादायक वस्तू खरे तर त्या चित्रपटाची देणगी आहे.

तांत्रिक बाजूने पाहिल्यास अशा घटकासाठी विशेष काळजी लागते. मेंदूत मेदाचे प्रमाण मोठे असते, आणि मेद हा बिअरच्या फेसाचा शत्रू आहे. फेसाचे बुडबुडे माल्टमधील प्रथिने आणि हॉपमधील कडू द्रव्ये यांच्या पातळ पडद्याने टिकतात, आणि मेदाचे कण तो पडदा फोडतात. ओट, गहू आणि न भाजलेले जव बिअरला स्निग्ध भरीवपणा देतात, तर क्रॅनबेरीचा आंबटपणा आणि लाली रक्ताची आठवण करून देतात. डॉक स्ट्रीटने या प्रकाराला 'अमेरिकन पेल स्टाउट' असे नाव दिले. स्टाउट ही एरवी २०० अंशांहून अधिक तापमानाला भाजलेल्या धान्यामुळे काळी झालेली बिअर, आणि 'पेल' म्हणजे फिकट. नावातच रक्त आटलेल्या देहाची सूचना आहे. आणि आइनबेकच्या अपभ्रंशातून चित्रात आलेला बोकड येथे प्रत्यक्ष पातेल्यात येऊन पोहोचला.

भयाची चव

चित्रपटाची प्रेरणा बिअरमध्ये उतरवण्याच्या दोन वाटा यावरून दिसतात. पहिली वाट प्रतीकाची: मेंदू, रक्ताचा रंग, लेबलावरची कवटी. दुसरी वाट प्रक्रियेची, आणि ती अधिक खोल जाते. 'द विकर मॅन'च्या भयाचा आशय आग, सफरचंद आणि फसलेले पीक हा आहे, आणि या तिन्ही गोष्टींना बिअरच्या शास्त्रात नेमकी स्थाने आहेत. आगीसाठी जर्मनीतील बामबेर्गची परंपरा आहे, जेथे बीच लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात. लाकडातील लिग्निन जळताना ग्वायाकोल वर्गातील द्रव्ये सुटतात आणि दाण्याला चिकटतात. तेथील 'श्लेंकेर्ला' ही जुनी ब्रुअरी उपवासाच्या काळासाठी धुराच्या चवीची बिअर दर वर्षी काढते, तेव्हा धूर आणि वसंत यांची सोयरीक नवी नाही. सफरचंदाबाबतीत शास्त्र आणखी मार्मिक आहे: हिरव्या सफरचंदाचा वास देणारे अॅसिटाल्डिहाइड हे द्रव्य किण्वन अपुरे राहिल्याचे लक्षण मानले जाते, कारण परिपक्व होताना यीस्ट त्याचे अल्कोहोल करून टाकते. कच्च्या सफरचंदाचा वास येणारी बिअर म्हणजे चुकलेली सुगी, आणि पिंपातून तो वास आला तर समरआइलच्या बागेसारखेच काही तरी बिनसले आहे, हे बिअर करणाऱ्याला कळते.

तथापि तेथून पुढे समरआइलच्या आणि बिअरच्या वाटा वेगळ्या होतात. सोळाव्या शतकातील बव्हेरियाला उन्हाळ्यात बिअर का बिघडते हे ठाऊक नव्हते, म्हणून उन्हाळाच बंद करावा लागला. एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी १८७६ च्या ग्रंथात बिअरच्या रोगांमागचे सूक्ष्मजीव दाखवले, कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतकरण यंत्रांची म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चाचणी झाली, आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टचे एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध वाण वेगळे केले. त्यानंतर वर्षभर कोणत्याही महिन्यात बिअर करता येऊ लागली आणि वसंताच्या बिअरमागचे कारण नाहीसे झाले. तिचा ऋतू तेवढा मागे उरला. लॉर्ड समरआइलच्या घराण्याने विज्ञानापासून बळीपर्यंत जो प्रवास केला, तो बिअरने उलट दिशेने केला आहे.

भय निवारल्यानंतर मोकळ्या राहिलेल्या त्या ऋतूत क्राफ्ट बिअर बनवणारे भयकथा आणून बसवतात, त्याचे मोल येथे आहे. ज्या समाजाला पिंप फुकट जाण्याची धास्ती उरली नाही, त्याला ती धास्ती एका प्याल्यापुरती, सुरक्षितपणे, पुन्हा अनुभवता येते, आणि धान्य, ऋतू व माणूस यांच्यातील जुना करार किती कठोर होता याची आठवण राहते. ती आठवण लेबलापेक्षा कृतीत अधिक प्रामाणिकपणे जपली जाते. वसंताच्या चाहुलीने अंकुरलेला जव आजही दर खेपेला भट्टीत जातो, आणि कोणत्याही चित्रपटाचे नाव नसलेल्या साध्या मायबोकच्या प्याल्यातही त्याच आगीची हलकी, भाजलेल्या पावासारखी चव असते.